उंदराचा कान

पिवळ्या गाडीचे फोटो टेबलावर पसरले होते आणि खोलीतल्या तिघांपैकी कुणाच्याच तोंडून शब्द फुटत नव्हता. फोटोत असं होतं तरी काय? शर्यतीच्या गाडीचा सपाट तळ, आणि मागच्या चाकाच्या जरा अलीकडे त्या तळाच्या कडेवर मुडपून उभी राहिलेली एक पाकळी. बोटभर. बस्स.

आता तुम्ही म्हणाल, बोटभर पाकळीसाठी तीन शहाणी माणसं तोंडाला कुलूप लावून कशाला बसतील? तर ऐका. ह्या गाड्या धावतात चाकांवर, पण रस्त्याला चिकटून राहतात त्या पोटाखालच्या वाऱ्यावर. तळाखालून वारा जेवढा जोरात पळेल तेवढी गाडी खाली ओढली जाते, आणि जिथे दुसरा ब्रेक मारतो तिथे आपला गडी बिनधास्त वळण घेऊन पुढे जातो. मागचं चाक मात्र आगाऊ पाहुण्यासारखं. ते आपल्याभोवतीचा वारा घुसळतं, तळाखाली ढकलतं आणि सगळ्याचा विचका करतं. ती पाकळी त्या वाऱ्याला दारातूनच परत पाठवते. फायदा किती, तर एका फेरीला सेकंदाचा दहावा भाग. तेवढ्यात आपल्याला धड शिंकताही येत नाही, पण ह्या लोकांचा पहिला नंबर आणि पाचवा नंबर तेवढ्यातच ठरतो.

आणि ती पाकळी पिवळ्यांची नव्हतीच. ती निळ्या गाडीसाठी घडवली होती ताईने.

ताई म्हणजे निळ्यांच्या कारखान्यातल्या मॉडेल शॉपची प्रमुख. खरं नाव हजेरीच्या कार्डावर असेल तेवढंच. धाकटा भाऊ चार वर्षं तिच्या हाताखाली काम शिकला, दिवसभर ‘ताई, हे बघ; ताई, ते दे’ करायचा, आणि बघता बघता झाडूवाल्यापासून साहेबापर्यंत ती सगळ्यांचीच ताई झाली. हल्ली गाडीचे आकार संगणकावर ठरतात हे खरं. पण मोठ्या पंख्याचा झोत सोडून चाचणी घेतात त्या वाऱ्याच्या बोगद्यात उभी करतात ती छोटी गाडी, खऱ्या गाडीच्या साठ टक्के मापाची, तिच्यावरचे असले चिमुकले तुकडे ताई आधी क्लेमध्ये हाताने घडवायची. मग यंत्र त्यांची मापं घ्यायचं. संगणक दहा आकार सुचवायचा, ताईचा अंगठा अकरावा काढायचा, आणि बोगद्यात बाजी मारायचा तो अकरावाच. ताई डोक्याने नाही, बोटांनी विचार करते, असं तिची माणसं म्हणत. ह्या पाकळीचं नावही तिनेच ठेवलं होतं: उंदराचा कान.

“हुबेहूब उचललाय,” वारासाहेब म्हणाले. हे मुख्य डिझायनर. सगळा जन्म वाऱ्यामागे धावण्यात गेला म्हणून कामगारांनी ठेवलेलं हे नाव. ते त्यांच्याही कानावर आलं होतं आणि मनातून आवडलं होतं.

“हुबेहूब नाही, साहेब,” भिंगवाला म्हणाला. दुसऱ्यांच्या गाड्यांचे फोटो काढून घ्यायचे आणि केसाकेसाने मोजायचे, हे त्याचं काम. “लहान आहे. लांबी, उंची, बाक, सगळं एक दशांशाने लहान. कागद चोरला असता तर माप तंतोतंत आलं असतं. नजरेने उचलला असता तर कुठे जास्त, कुठे कमी झालं असतं. हा आपला सगळीकडून सारखा आकसलाय. याआधी आपले दोन तुकडे त्यांच्या गाडीवर दिसले, तेव्हाही अस्संच होतं. माझं डोकं चालेनासं झालंय.”

“आणि आपला कान तर अजून रस्त्यावर आलेलाच नाही,” वारासाहेब म्हणाले. “बोगद्यातून बाहेर काढला नाही आपण. म्हणजे कुणी फोटो काढायचाही प्रश्न नाही. आतलं माणूस आहे.”

त्यांनी भिंगवाल्याला बाहेर पाठवलं आणि दार लावून घेतलं.

“ताई, तुमचा भाऊ पिवळ्यांकडे आहे.”

“पाच वर्षं झाली. तुम्हाला आज आठवलं?”

“दर रविवारी तुम्ही एकत्र जेवता.”

“आईकडे. दोघंही तिचीच आहोत, काय करणार?”

“चेष्टा नका करू. तीन आठवड्यांनी शर्यत आहे. तोवर मला नाव पाहिजे. नाहीतर मॉडेल शॉप बंद. हाताचं काम संपलं. आकार संगणकावरून थेट बाहेरच्या यंत्रांवर जातील. हे माझं नाही, वरच्यांचं म्हणणं आहे.”

“आणि माझी सहा माणसं?”

“ते नावावर अवलंबून.”

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बावीस वर्षं. बावीस वर्षं ह्या माणसाच्या कागदावरच्या रेघांना तिने अंग दिलं होतं, आणि आज हा तिच्याकडे अशा नजरेने बघत होता की जणू तिच्या ओच्यात काही लपवलेलं आहे. पण राग गिळावा लागला. कारण खरं सांगायचं तर फोटो बघितल्या बघितल्या तिच्याही मनात पाल चुकचुकली होती, आणि ती धाकट्याच्याच नावाने.

घरचा भेदी लंका दाहे, ही म्हण तिने शाळेत शिक्षा म्हणून पन्नास वेळा लिहिली होती. आपल्याच घराला ती लागू पडेल असं काही तेव्हा वाटलं नव्हतं. दोन्ही कारखाने एकाच शहरात, मध्ये एक कालवा आणि एक पेट्रोलपंप. धाकटा पलीकडे गेला तो वारासाहेबांमुळे. चार वर्षांत त्यांनी एकदाही त्याला नावाने हाक मारली नाही. ‘ताईचा भाऊ कुठाय? ताईच्या भावाला सांगा.’ एक दिवस ताईचा भाऊ राजीनामा ठेवून चालता झाला. पिवळ्यांकडे तो कार्बनच्या कापडाचे थर साच्यात बसवायचा. साधं, निमूटपणे करायचं काम. आणि गेल्या हंगामापासून म्हणे त्याला डिझाइनच्या बैठकीला बोलावत होते! तेव्हा ताईला केवढं कौतुक वाटलं होतं. आता तेच कौतुक तिला खडा लागल्यासारखं टोचायला लागलं. थर बसवणाऱ्या माणसाला बैठकीत कोण बोलावतं, आणि कशासाठी?

युक्ती वारासाहेबांचीच. “एक खोटा तुकडा करा. बघणाऱ्याला सोनं वाटावं आणि लावणाऱ्याचं हसं व्हावं. मला आणि तुम्हाला सोडून कुणाला कळता कामा नये.”

ताईने दार लावून चार दिवस त्यावर घालवले. गंमत बघा, खरा तुकडा तिने कधी दीड दिवसापेक्षा जास्त हातात धरला नव्हता. खोट्याला चार दिवस! पुढच्या विंगच्या, म्हणजे गाडीच्या नाकावरच्या आडव्या पंखाच्या, टोकाला बसेल असं एक बाकदार पातं. वरून बघावं तर कुणाही जाणकाराच्या तोंडाला पाणी सुटेल. मुळाशी मात्र ते बारीक ठेवलेलं. तिने ते केलं, मोडलं, परत केलं. वीस-बावीस वेळा तरी. बोगद्यात लावून पाहिलं तर पाऊण वेगाच्या वाऱ्यालाच ते थरथरायला लागलं. उंदराला पकडायचं म्हणून वारासाहेबांनी त्याचं नाव ठेवलं मांजरीचं नख.

“आणि त्यांनी हे खऱ्या गाडीवर लावलं तर?” ताईने विचारलं. “आत माणूस असतो हो.”

“आधी बोगद्यात लावतील. तिथेच तुटेल. इतके काही ते मूर्ख नाहीत.”

रविवारी ताई आईकडे गेली ती नख पिशवीत घालून. एका मऊ फडक्यात गुंडाळलेलं, पिशवीची चेन लावलेली, आणि चेनच्या दोन्ही बाजूंना थुंकी लावून आडवा चिकटवलेला स्वतःचा एक पांढरा केस. पिशवी तिने बाहेरच्या खोलीत कोटांखाली टांगली. आपल्याच आईच्या घरात आपण हे करतोय, ह्याची तिला शिसारी आली. तरी केलं.

“आज कोटाबरोबर पिशवीही?” धाकट्याने दारातच विचारलं. “काम घरी आणलंस वाटतं.”

बघा, लागला वास ह्याला.

“थोडं आहे,” ताई म्हणाली. “नवीन काहीतरी चाललंय.”

“तुझं नेहमीच नवीन काहीतरी चाललेलं असतं,” तो हसला आणि आईच्या हातातलं भांडं घ्यायला गेला.

जेवताना ताई त्याच्यावर डोळा ठेवून होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. ताईने ते चांदणं त्याच्या चेहऱ्यावर शोधून शोधून काढलं. तो एकदा फोन आणायला बाहेरच्या खोलीत गेला, चाळीस सेकंद लागले. फोन आणायला चाळीस सेकंद? “तुमच्या साहेबांचं काय म्हणणं?” म्हणून त्याने विचारलं. हा चौकशा का करतोय? मग बराच वेळ काही विचारलं नाही. आता गप्प का बसला? गप्प बसला तरी संशय, बोलला तरी संशय. ह्याला काही औषध नाही.

म्हणून तीच बोलत राहिली. पुढच्या विंगबद्दल, टोकाशी वारा कसा सुटतो त्याबद्दल, मुद्दाम, आमिष टाकल्यासारखं. आई आपली मधूनमधून नेहमीचं बोलायची. “अगं, पाव खा तो. अन्नाशी खेळू नये. पन्नाशी उलटली तरी हिची बोटं काही गप्प बसत नाहीत, अगदी बापावर गेलीय.”

“खाते गं,” ताई म्हणाली. तिचं सगळं लक्ष धाकट्याकडे.

जेवण झाल्यावर टेबल आवरायचं काम धाकट्याचं. लहानपणी आईने कामं वाटून दिली होती, आणि एकीचे केस पिकले, दुसऱ्याचे गळले, तरी वाटणी तीच. त्याने ताटं उचलली, टेबल पुसलं, उरलंसुरलं गोळा करून आत नेलं. ताई उठली, बाहेरच्या खोलीत गेली आणि श्वास रोखून कोट बाजूला केला.

केस जागच्या जागी होता.

तिथेच तिला रडू फुटलं. कोटात तोंड खुपसून ती रडली, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. माझा भाऊ चोर नाही. माझा भाऊ चोर नाही! जाताना तिने धाकट्याच्या पाठीवर असा काही धपाटा घातला की तो म्हणाला, “अगं, झालं काय तुला?”

पुढच्या रविवारीही तेच. पिशवी, केस, जेवण, आणि केस पुन्हा शाबूत.

“तो नाही,” तिने सोमवारी वारासाहेबांना सांगितलं.

“मग कोण?” ते म्हणाले. “एक आठवडा राहिला.”

हाच तो प्रश्न. धाकटा नाही म्हटल्यावर संशयाने दुसरं घर धरलं. ताई आपल्याच सहा माणसांकडे चोरून बघायला लागली. हा आज लवकर का निघाला? ह्याने फोन पालथा का घातला? बुधवारी तिने जेवणाच्या सुट्टीत रंग देणाऱ्याचा खण उघडला, अठरा वर्षं बरोबर काम केलेल्या माणसाचा, आणि वळून बघते तर तो दारात उभा. त्याने आपला डबा घेतला आणि बाहेर जाऊन बसला. त्या दिवसापासून मॉडेल शॉपमधल्या गप्पा बंद झाल्या. वरच्यांनी दुकान बंद करायची गरजच उरली नव्हती. ताई ते स्वतःच बंद करत आणत होती, आणि हे तिला कळतही होतं.

शुक्रवारी शर्यतीच्या मैदानावर सरावाचा दिवस होता. पिवळ्यांच्या गाडीवर नख दिसलं तर ओळखायला तुम्हीच हव्यात, म्हणून वारासाहेबांनी ताईला बरोबर नेलं होतं. सकाळी गॅरेजच्या मागच्या बाजूला, टायरच्या चळतीशेजारी एका खोक्यावर बसून ती न्याहारी करत होती. चाकांना विजेच्या उबदार दुलया गुंडाळून ठेवलेल्या, गाडी जॅकवर, ड्रायव्हर हेल्मेट घालत होता. तेवढ्यात फोन वाजला. धाकटा.

“ताई, गाडी बाहेर पडली?”

“वीस मिनिटं आहेत अजून. का रे?”

“पुढच्या विंगच्या टोकाला ते नवीन लावलंय ना, नखासारखं वाकडं, ते काढायला सांग. आत्ताच्या आत्ता.”

ताईच्या कानांना दडे बसले.

“ऐकतेस ना? मुळाशी बारीक आहे ते. आमच्या बोगद्यात काल तुटलं, पंख्याच्या जाळीत जाऊन अडकलं. आमचीच काहीतरी चूक झाली असेल म्हणून आज पहाटपाळीला परत लावलं, परत तुटलं. गाडीवर तुटलं तर सरळ पुढच्या चाकात जाईल. तीनशेच्या वेगाला, ताई! तुमचा ड्रायव्हर मरेल.”

सापडला. चोर सापडला, आणि तोही स्वतःच्या पायांनी चालत आला. तीन आठवडे ताई ह्याच क्षणाची वाट बघत होती, आणि आता तिला धड आनंदही होईना, धड रागही येईना.

“कुठे बघितलंस तू ते?”

“ते मग सांगतो. आधी—”

“आत्ता सांग. माझी पिशवी उघडलीस?”

“कुठली पिशवी?”

त्याच्या आवाजात खोट नव्हती. भावाचा आवाज बहिणीला कळतो.

“मग कुणी दाखवलं तुला?”

“तू,” तो म्हणाला.

“मी?”

“पाव, ताई. बोलताना तू पावाचा गाभा मळतेस. त्याच्या वस्तू करतेस आणि ताटाशेजारी ठेवतेस. शाळेत होतो तेव्हापासून. तुला खरंच माहीत नाही?”

ताईने खाली बघितलं. फोन उजव्या हातात होता. डाव्या हातात न्याहारीचा अर्धा पाव, गाभा काढून पोकळ झालेला. आणि चिमटीत नख. बाकदार, नेटकं, मुळाशी बारीक. वीस-बावीस वेळा घडवलेलं, आताही बोटांनी तिला न विचारता घडवून ठेवलेलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तीन आठवडे ती जगाचे खिसे तपासत होती, लोकांचे खण उघडत होती, आणि कळसा तिच्याच काखेत होता.

“टेबल मीच आवरतो ना,” धाकटा म्हणाला. “ते कचऱ्यातच जायचं.”

“म्हणून खिशात टाकलंस.”

“हो.”

“तीन वेळा.”

“चार. हे धरून.”

“सोमवारपर्यंत वाळत असेल.”

“दगड होतो. आणि जरा आकसतो.”

एक दशांशाने. भिंगवाल्याचं चालेनासं झालेलं डोकं ताईला आठवलं.

“का रे?” एवढंच ती म्हणाली. शिव्या पुष्कळ होत्या ओठांवर, पण बाहेर आलं ते एवढंच.

“पहिल्या वेळी मी नुसता विचारायला म्हणून नेला. असं काही करून बघता येईल का, म्हणून. तर बैठकीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले, ताई. मला नावाने हाक मारली त्यांनी. मग पुढच्या वेळेस विचारलं, आज काय आणलंस? मला नाही म्हणवेना. तुला सांगितलं असतं तर तुझी बोटं थांबली असती, म्हणून सांगितलंही नाही. नीचपणा केला मी, माहीत आहे मला. साहेबांना माझं नाव सांग, मी नाकारणार नाही. पण आधी ते काढ गं. पाया पडतो तुझ्या.”

ताईने निळ्या गाडीकडे बघितलं. पुढची विंग स्वच्छ होती. नख तिथे नव्हतंच, कधीच नव्हतं. ‘खोटं होतं रे ते, तुझ्यासाठीच पेरलं होतं,’ एवढंच म्हणायचं होतं. म्हणजे त्याला कळलं असतं की त्याने स्वतःचं नाक कापून घेतलं ते उगीच; कुणीही मरणार नव्हतं.

तिने फोन कानापासून जरा लांब धरला आणि मोठ्याने ओरडली, “अरे ए, पुढच्या टोकाचं ते काढा आधी! ताबडतोब!”

दोन मेकॅनिकांनी वळून बघितलं, विंगकडे बघितलं, एकमेकांकडे बघितलं. ताईने त्यांना हातानेच गप्प राहायला सांगितलं.

“काढलं?” धाकट्याने विचारलं.

“काढलं.”

त्याने सोडलेला सुस्कारा तिला इतक्या लांबून स्पष्ट ऐकू आला.

सराव सुरू झाल्यावर ती वारासाहेबांकडे गेली आणि त्यांच्या टेबलावर, कागदांच्या बरोबर मध्ये, पावाचं नख ठेवलं.

“हे काय?”

“तुम्हाला नाव हवं होतं. माझं लिहा.”

तिने सगळं सांगितलं, फक्त टेबल कोण आवरतं ते सोडून. वारासाहेब आधी हसले. मग त्यांनी भिंगवाल्याला बोलावलं. भिंगवाल्याने नख मोजलं, टायरच्या गरम दुलईखाली सरकवलं, दोन तासांनी कडकडीत वाळलेलं काढून परत मोजलं, आणि आकडा बघून खाली बसला. “एक दशांश,” तो म्हणाला. “पाव! अरे देवा, पाव!”

तो गेल्यावर वारासाहेब म्हणाले, “उचललं कुणी ते मला न सांगताही कळतं, ताई. तक्रारीत त्याचं नाव जाईल.”

“मी ठेवलं म्हणून उचललं गेलं. माझं नाव घाला.”

“चोर तो आहे.”

“चार वर्षं तो तुमच्या डोळ्यांसमोर होता, साहेब. एकदा नावाने हाक मारली नाहीत. आणि आता कागदावर लिहायला त्याचं नाव पाहिजे तुम्हाला? आठवतंय तरी का काय आहे ते?”

वारासाहेबांना आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं. त्यांनी पेन उचललं आणि कागदावर ताईचं नाव लिहिलं.

मॉडेल शॉप राहिलं. सहा माणसं राहिली. ताईने सोमवारी दारावर आपलं हजेरीचं कार्ड कायमचं जमा केलं. रंग देणारा तिला फाटकापर्यंत सोडायला आला. तिने माफी मागितली तेव्हा तो म्हणाला, “खणात नुसती बिस्किटं होती, ताई. मागितली असती तर दिली असती.” बावीस वर्षांचा हात असा रिकामा झाला, आणि चूक झाली ती त्याच हाताची. दोष द्यायचा तर कुणाला?

रविवारी धाकटा आईकडे आला तो एक पत्र्याचा डबा घेऊन. जेवताना आई पाव आणायला आत गेली तेव्हा त्याने तो ताईपुढे सरकवला. आत कापसावर ठेवलेले पावाचे चार तुकडे, दगडासारखे वाळलेले. उंदराचा कान होता, आधीचे दोन होते, नखही होतं.

“पिवळ्यांना सांगून टाकलं, आता माझ्याकडे काही नाही,” तो म्हणाला. “परत थर बसवायला लागलो.” मग मान खाली घालून म्हणाला, “मला अजून कुणी काही विचारलं नाही. तू नाव सांगितलं नाहीस?”

“सांगितलं की.”

“मग? साहेब काय म्हणाले?”

आईने आणखी पावाची टोपली आणून ठेवली. “ही आठवडाभर घरीच आहे म्हणते, सुट्टी घेतली म्हणे,” ती धाकट्याला म्हणाली, आणि ताईच्या ताटाकडे बघून थबकली. “आज काय झालं गं? पाव अख्खाच्या अख्खा?”

ताईचे दोन्ही हात टेबलाखाली होते, मांड्यांखाली दाबून धरलेले.

“म्हणाले, ह्याच्या फोनमुळे आपला ड्रायव्हर वाचला,” ताईने धाकट्याला सांगितलं. “म्हणून मिटवलं त्यांनी सगळं.”

धाकट्याने वर बघितलं. पन्नाशीला टेकलेला माणूस, पण डोळे शाळेतून बक्षीस घेऊन आल्यासारखे.

“ताईचा भाऊ म्हणाले असतील.”

“नाही,” ताई म्हणाली. “नावाने म्हणाले.”

जेवण झाल्यावर तो उठला आणि टेबल आवरायला लागला.